भाकरीचा काउंटर

पुण्याबाहेर, हायवेला लागून असलेल्या एका मोठ्या लॉनवर चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. जेवणाच्या मांडवात चायनीज, चाट, राजस्थानी अशी टेबलं ओळीनं मांडलेली, आणि सगळ्यात शेवटी एक झोपडी उभी केलेली. वर गवताचं छप्पर, मागे मातीचा रंग फासलेली प्लायवूडची भिंत, भिंतीवर वारली चित्रं (वारल्यांचा आणि ज्वारीच्या भाकरीचा संबंध काय, ते केटररलाच ठाऊक). पुढं दोन बायका नऊवारी नेसून भाकऱ्या थापत होत्या. चूल मातीची, पण तिच्या पोटात गॅसची शेगडी दडवलेली. दोन लाकडं नुसती शोभेला. पिठलं, ठेचा, लोण्याचा गोळा, बुक्कीनं फोडलेला कांदा. सगळ्यात लांब रांग इथंच होती. भाकरी टम्म फुगली की रांगेतले चार-पाच मोबाईल एकदम पुढं यायचे. त्या बाईंना त्याची सवय झाली असावी, कारण फोटो निघेपर्यंत त्या भाकरी क्षणभर तशीच धरून ठेवत होत्या.

माझ्यासोबत आत्या होती. मंगळवेढ्याकडची, सत्तरी ओलांडलेली. ती थोडा वेळ त्या बायकांच्या हातांकडं बघत राहिली. मला वाटलं, खूश झाली. "आत्या, भाकरी घेऊ ना तुला?" मी विचारलं. "नगं गं," ती म्हणाली, "लई खाल्ली ती. मला तिकडची बटर नान बघ, आन् ती पनीरची भाजी." आणि माझ्या हातातली ताटली घेऊन ती सरळ पलीकडं गेलीसुद्धा. रांगेत माझ्यामागं उभ्या असलेल्या एक बाई हसून म्हणाल्या, "अय्या, गावाकडच्या असून भाकरी नको?" मीही हसले. पण ते हसू खरं नव्हतं. मला आत्याची थोडी लाज वाटली होती, आणि आपल्याला लाज वाटली याचा रागही आला होता. रांग सोडली मात्र नाही. भाकरी चांगली होती.

घरी येताना गाडीत आत्या झोपली आणि मी तिच्या त्या "लई खाल्ली"पाशी अडकून बसले.

लहानपणी सुट्टीत आम्ही तिच्याकडं जायचो. तिच्या घरची पहाट माझ्या डोक्यात आवाजानं आहे, उजेडानं नाही. माजघरात आम्ही वाकळ ओढून पडलेलो असायचो आणि सैपाकघरातून थापण्याचा आवाज यायचा. आधी बांगड्या मागं सारल्याचा, मग काठवटीत पीठ ओतल्याचा, मग ते एका लयीतलं थप थप थप. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटा नसतो, ते ताणत नाही, म्हणून ती लाटता येत नाही. त्यात कढत पाणी घालून पीठ आधी जरा शिजवून घ्यावं लागतं, मग तळहाताच्या टाचेनं रगड रगड रगडायचं. पीठ जुनं असेल तर विरी, म्हणजे पीठ धरून ठेवणारा गुण, गेलेली असते. कितीही रगडा, कडा फाटतातच. म्हणून दळण थोडं थोडं, ताजं. गोळा काठवटीत ठेवून बोटांनी फिरवत फिरवत तो ताटाएवढा करायचा, तळहातावर उचलून पीठ लागलेली बाजू वर येईल अशी तव्यावर टाकायची, लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी वाळायच्या आत उलटली तर चिकटते, फार वाळू दिली तर चिरा पडतात. शेवटी तवा बाजूला करून भाकरी आराच्या, म्हणजे निखाऱ्यांच्या, तोंडाशी उभी करायची. मग वरचा पापुद्रा सुटतो, आणि तो सुटताना वाफेचा जो वास येतो त्याचं वर्णन मला आजवर जमलेलं नाही. थोडा भाजक्या मातीचा, थोडा दुधाचा असं काहीसं. आत्या हे सगळं करताना बघायचीदेखील नाही. तिचं लक्ष बाहेर म्हशीकडं, कोण उठलं कोण नाही त्याकडं. शेतावर गडी असले की टोपलंभर भाकऱ्या व्हायच्या, आणि जाळाजवळचा तिचा उजवा गाल तेवढा तांबूस झालेला असायचा.

गंमत अशी की त्या भाकऱ्या आमच्यासाठी नसायच्या. आम्ही पुण्याचे पाव्हणे. आमच्या ताटात चपाती. घरात गव्हाचं पीठ नसलं तर एखाद्या पोराला वाटी देऊन शेजारी पिटाळलं जायचं, आणि आई ओशाळून "अहो कशाला, खातील की भाकरी" म्हणत राहायची. आत्याच्या सासूबाईंचं उत्तर ठरलेलं: "लेकरांना सोसत न्हाई भाकर." आत्याचा मुलगा माझ्या चपातीकडं बघत बसायचा आणि मी त्याच्या भाकरीकडं. आजी उठून गेली की आमचा सौदा व्हायचा. तो सौदा बरोबरीचा कधीच नसायचा. त्याला माझी अख्खी चपाती हवी असायची आणि बदल्यात तो चतकोर भाकरी द्यायचा, वर उपकार केल्यासारखा चेहरा. चपातीचा भाव काय आहे हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

गहू त्या भागात नव्हता असं नाही. खपली होता, बन्सी होता; होळीला, पोळ्याला पुरणपोळी व्हायची, खपल्याची खीर व्हायची. पण ते सणाचं अन्न. रोजचं म्हणजे ज्वारी. महाराष्ट्रीय जेवण म्हणून आपण एक ताट डोळ्यांपुढं आणतो, तसं एक ताट कधी नव्हतंच. कोकणात भात आणि तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, खानदेशात ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, पावसाच्या कडेच्या कोरड्या पट्ट्यात बाजरी, भीमेच्या काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी. आणि रोज गव्हाची पोळी खाणारी घरं गावात बोटावर मोजण्याइतकी, ती कोणाची ते सगळ्यांना माहीत. धान्याला जात असते हे कुणी शिकवावं लागत नाही. ताटाकडं बघून कळतं.

आणि "आपली" म्हणावी तर ज्वारीही मूळची आफ्रिकेतली. पुण्याजवळ घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून पुढं कित्येक वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं, चुली, धान्य साठवायच्या कणग्या आणि जमिनीतली बळदं तिथं सापडली. तिथल्या माणसांचं मुख्य धान्य होतं सातू. आज सातूचं पीठ उन्हाळ्यात गूळ-पाणी घालून खाणारेही थोडेच राहिलेत. म्हणजे एका नदीकाठची रोजची चव पूर्ण बदलून जाते आणि तिच्यासाठी रडायला कुणी उरत नाही. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं की वाईट, ते सांगता येत नाही. ज्वारी गेली म्हणून गळा काढणाऱ्यांत मी आहे, पण सातू गेला तेव्हा ज्वारी पेरणारा कुणी तरी होताच ना.

मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. खोल काळी जमीन, पाऊस ओसरता ओसरता पेरणी, आणि मग पुढं आकाशातून थेंब नाही मिळाला तरी जमिनीत मुरलेल्या ओलीवर, थंडीवर, दवावर पीक उभं राहतं. १९३० च्या दशकात जवळच मोहोळला निवड करून तयार केलेलं मालदांडी ३५-१ हे वाण अजून त्या रानांत आहे, ही शेतीतली साधी गोष्ट नाही; इतकी वर्षं टिकलेली वाणं फार नाहीत. पांढरे, टपोरे, मोत्यासारखे दाणे. त्याची भाकरी पांढरीशुभ्र होते आणि गारढोण झाली तरी मऊ राहते. तिच्याच कडक भाकऱ्याही करून ठेवतात, पापडाइतक्या पातळ, दिवसच्या दिवस टिकणाऱ्या, शेंगाच्या चटणीबरोबर मोडून खायच्या.

हे धान्य ठेवायचं पेवात. जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद, आत रुंद. आत्याच्या सासरच्या वाड्यात एक होतं, आमच्या वेळेस रिकामं, तोंडावर मोठी फरशी टाकलेली. आम्हा पोरांना त्या फरशीवर उभं राहायची बंदी. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, वाफ जाऊ द्यायची, कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. घाईनं उतरलेला माणूस वर आला नाही अशा गोष्टी प्रत्येक गावात असायच्या. पेवातल्या ज्वारीला एक उबट, आंबूस वास असतो म्हणे. गडीमाणसांच्या वाट्याला बहुतेक तीच यायची. आत्याला तो वास अजून आठवतो. मला विचारलं तर तोंड वाकडं करून दाखवते.

याच मंगळवेढ्याचे दामाजीपंत. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली, आणि शिक्षा होणार तेवढ्यात विठू महाराचं रूप घेऊन विठोबानं दरबारात रक्कम भरली, ही गोष्ट आपण कीर्तनात, चित्रांत इतकी ऐकली-पाहिली आहे की तिच्यातला पहिला भाग कानावरून निघून जातो. माणसं मरत होती आणि कोठारं भरलेली होती. चमत्काराची गरज त्यापुढं लागली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात याच मुलखात इंग्रज सरकारनं कामं काढली, तेव्हा रिचर्ड टेंपल या साहेबानं मजुरी ठरवली ती दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. म्हणजे दगड फोडणाऱ्या माणसाला साडेचारशे ग्रॅम ज्वारी. १८७७ च्या सुरुवातीला मजुरांनी कामं सोडून दिली, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू लावून धरली. पौंड कमी की जास्त यावर कागद रंगले. स्वयंपाकाचा इतिहास म्हटलं की आपल्याला राजांचे मुदपाकखाने आठवतात, 'मानसोल्लास' या जुन्या संस्कृत ग्रंथातल्या अन्नभोगाची वर्णनं आठवतात, कारण तेच लिहिलेलं आहे. एक पौंड ज्वारीच्या किती भाकऱ्या व्हायच्या आणि घरात त्या कशा वाटल्या जायच्या, ते ज्या बायकांना ठाऊक होतं त्यांनी लिहिलं नाही.

आत्यानंही लिहिलेलं नाही. पण ती सांगते.

बहात्तर साली तिचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. काळ्या रानाला भेगा पडल्या, त्यात पाय जायचा. घरात जमीन होती, नाव होतं, पण पेवात दाणा नव्हता. सासू म्हणाली, कामावर जाऊ या. बाप्ये खणायला, बाया खडी फोडायला. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती; आत्या त्यांच्यातली एक. पुढं त्यातूनच वि. स. पाग्यांची रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला, हे आपण परीक्षेत लिहिलेलं आहे. आत्याच्या सांगण्यात पागे नसतात. तिच्या सांगण्यात मिलो असतो. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. तिकडं ती जनावरांना घालतात हे गावात कसं कळलं कुणास ठाऊक, पण कळलं होतं. "डुकराचं खानं आनलं म्हनायचे आपल्यासाठी." भाकरी लालभडक व्हायची, थापताना तुटायची, कितीही ऊन पाणी घाला. थापायला जिचा हात गावात नावाजलेला, त्या आत्याच्या सासूच्या भाकरीचे तव्यावर दोन तुकडे झाले, आणि म्हातारी चुलीपुढं बसून रडली. दुष्काळात कुणी रडलेलं आत्याला तेवढंच आठवतं. जनावरं छावणीला पाठवली तेव्हा नाही, पेव रिकामं झालं तेव्हा नाही. भाकरी मोडली तेव्हा.

कामावर सुकडी मिळायची. भाजलेलं पीठ, गूळ. पोरांना आवडायची, मोठेही पदरात बांधून घरी आणायचे. माझ्या ओळखीतले त्या पिढीतले कित्येक जण सुकडीचं नाव काढलं की आधी हसतात आणि मग विषय बदलतात. आत्या मात्र म्हणते, चव चांगली होती. आणि लगेच पुढं, "पन आता कुनी दिली तर खानार न्हाई."

लग्नातल्या त्या झोपडीपुढं ती उभी होती तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं यातलं काही होतं का? मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित म्हणाली असती, काही नाही गं, नान खावीशी वाटली. तेही खरंच असेल. माणसानं आयुष्यभर एका पदार्थाशी बांधलेलं असावं आणि म्हातारपणी तो त्याला आवडावा, अशी अपेक्षा मी का करत होते? मला भाकरी आवडते कारण मला ती कधी खावी लागली नाही. माझ्या ताटात ती चोरून, सौदा करून आली. त्या मांडवातल्या रांगेत उभे असलेले बहुतेक आम्ही तसेच, एका पिढीनं चपातीवर पोचवलेले. ज्यांनी पोचवलं ते पलीकडच्या टेबलाशी नान घेत होते.

पुढं गहू आलाच. हरितक्रांतीचा, रेशनचा, पंजाबचा. शिकलेल्या सुना आल्या, त्यांना चपाती यायची. गॅस आला, आणि गॅसवर भाकरी होते पण आर कुठून आणणार. लहान भावाला डब्यात भाकरी दिली तर शाळेत पोरं हसतात, एवढंही पुरे असतं. पण नुसत्या सैपाकघरातच सगळं ठरलं असं म्हणणं अर्धवट होईल. रब्बी ज्वारी कापत नाहीत, उपटतात. उन्हात वाकून, मुळासकट, काळ्या जमिनीतून. हाताची सालं निघतात. ते करायला आता माणूस मिळत नाही, आणि का मिळावा? बैल गेले, ट्रॅक्टर आले, मग कडब्याची बुचाडं कुणासाठी रचायची? १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं, पाणी आलं तिथं ऊस आला. माचाणावर बसून गोफण फिरवत पाखरं राखणारी पोरं वर्गात गेली, आणि ज्यानं चिकाटीनं थोडी ज्वारी पेरली त्याच्या एकट्याच्या रानावर साऱ्या शिवाराची पाखरं उतरू लागली. तो तरी किती दिवस पेरेल?

मग भाव फिरले. २०२३-२४ साठी मालदांडीचा हमीभाव होता क्विंटलला ३२२५ रुपये, त्याच वर्षीच्या गव्हाचा २१२५. रेशनवर तर २०२३ च्या जानेवारीपासून गहू फुकट झाला. आणि तेच २०२३ हे जगाचं भरडधान्य वर्ष. सरकारनं ज्वारी-बाजरीचं नाव ठेवलं श्रीअन्न. दिल्लीत मोठमोठ्या पाहुण्यांच्या पानात ती गेली. मॉलमध्ये ज्वारीच्या लाह्यांची पाकिटं, ज्वारीचे पोहे, ज्वारीचा पास्ता. मला यात थट्टा करण्यासारखं बरंच दिसतं, पण पुरती थट्टा करवत नाही. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळाले तर मिळू देत की. फक्त त्या पाकिटांवर "आपल्या पूर्वजांचं अन्न" असं छापलेलं वाचलं की वाटतं, पूर्वजांतल्या एखाद्या बाईला कुणी विचारून बघा.

विचारायला आत्या आहेच. ती आता सोलापुरात मुलाकडं असते. म्हणजे त्या चतकोरवाल्याकडं. मध्यंतरी तिला शुगर निघाली आणि डॉक्टरनं लिहून दिलं: गहू-भात कमी, ज्वारीची भाकरी. "मी म्हनलं, डाक्टर, दुसरं कायतरी लिवून द्या," ती फोनवर सांगत होती, आणि ती हसतेय की चिडलीय ते मला कळेना. सून शाळेत शिकवते, तिला थापता येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही; आत्यानंही तिला कधी म्हटलं नाही शीक म्हणून. तिचे स्वतःचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक बाई संध्याकाळी भाकऱ्या विकते, तिच्याकडून आणायच्या ठरलं. वीस रुपयाला एक. आत्यानं पहिल्या दिवशी ती उलटीपालटी करून बघितली, कडा बोटानं दाबल्या आणि म्हणाली, पीठ शिळं आहे, विरी नाही याला. दुसऱ्या दिवशी काठी टेकत स्वतः गेली, त्या बाईशेजारी खुर्ची टाकून बसली आणि तिला बोलून आली: दळण एकदम आणू नको, पाणी अजून कढत घे, मनगट लाव. ती बाई आधी रागावली होती. आता म्हणे तिच्याकडं गिऱ्हाईक वाढलंय, आणि आत्याकडून पैसे घ्यायला कचरते. आत्या ऐकत नाही, वीस रुपये मोजून हातावर ठेवते. फुकटची भाकरी खायची असती तर खडी फोडली असती का, असं तिला ऐकवलं म्हणे.

रविवारी मात्र ती चपाती खाते, वर तूप घालून. डॉक्टरांच्या कानावर हे जाता कामा नये असं तिनं मला बजावून ठेवलंय.